भुवयांचा गुन्हा

मी रागीट माणूस आहे असं मला ओळखणारे सगळे सांगतात. आज ते खरं आहे. पूर्वी ते खोटं होतं, आणि तेव्हाही सगळे हेच सांगत होते. मधल्या काळात काय झालं ते मी लिहून ठेवतो आहे. वाचणाऱ्याला माझी दया यावी म्हणून लिहीत नाही. दया मला नको.

आधी चेहऱ्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं. माझ्या भुवया जाड आहेत आणि नाकाच्या मुळाशी एकमेकींना भिडलेल्या आहेत. डोळे खोल. जबडा रुंद. तोंडाचे दोन्ही कोपरे खाली ओढलेले, म्हणजे मी नुसता गप्प बसलो तरी कुणाला तरी शिव्या देऊन नुकताच थांबलो आहे असं वाटतं. हा चेहरा मी कमावलेला नाही. मी जन्मलो तेव्हा सुईणीनं मला हातात घेतलं आणि आईला म्हणाली, "ह्यो कुनावर रागावून आलाय गं?" आई ही गोष्ट हसत सांगायची. मीही लहानपणी हसायचो.

आमचं गाव वडिवळे. घरी भातशेती. शाळेसाठी मी कामशेतला चालत जायचो. शाळेत मला फळ्यावरची अक्षरं नीट दिसायची नाहीत, म्हणून मी डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून बघायचो. मास्तरांना वाटलं मी त्यांच्यावर डोळे वटारतो आहे. त्यांनी मला पुढे बोलावून हातावर छड्या मारल्या. का मारलं ते विचारायची मुलांची पद्धत नव्हती. छड्या खाऊन मी जागेवर गेलो आणि पुन्हा फळ्याकडे बघायला लागलो, तर मास्तर म्हणाले, "अजून मस्ती जिरली नाही वाटतं." त्या दिवसापासून मी फळ्याकडे बघायचं सोडलं आणि शेजारच्याच्या पाटीवरून उतरवून घ्यायला लागलो. तरी मराठी सातवी पास झालो. अक्षर चांगलं होतं.

त्या अक्षरामुळेच मला लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सलच्या खोलीत काम मिळालं. टोपल्यांवर, खोक्यांवर शाईनं नाव-गाव लिहायचं, गाडी आली की मोजून चढवायचं आणि उतरवून घ्यायचं. स्टेशनचा साहेब अर्धा इंग्रज होता. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खोलीच्या दारात स्टूल टाकायला लावलं. "तुम इधर बैठेगा. तुम्हारा शकल देख के कोई चोर अंदर नहीं आएगा." तो हसला. मीही हसलो. नोकरी लागल्याचा आनंद होता, आणि साहेब हसला की हसायचं असतं. पण तिथं मी हसायला नको होतं. मी हसलो म्हणजे मी ते कबूल केलं.

लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आला. एका घरातल्या म्हाताऱ्या बाईनं तर आमच्या माणसांसमोरच सांगितलं, "पोरीला मारून टाकील ह्यो." मी तेव्हा अंगणात चपला काढत होतो. तोंडातून एक शब्दही काढला नव्हता. शेवटी सोमाटण्याची मुलगी मिळाली. तिचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ दुरुस्तीचं काम करायचे, त्यांनी मला चार महिने रोज कामावर बघितलं होतं. आयुष्यात मला बघून मग ठरवणारा तो एकच माणूस. बायको मात्र सुरुवातीला भ्यायची. ताट वाढताना विचारायची, "चिडलासा काय?" मी म्हणायचो, "न्हाई गं, भूक लागलीय." पुढे तिनं विचारणं सोडलं, कारण तिला कळलं. दोन महिने लागले. दोन महिने काही फार नाहीत, पण जगात कुणी कुणाला दोन महिने देत नाही.

आता त्या दिवसाचं.

मे महिना होता. मुंबईची बडी कुटुंबं हवा खायला लोणावळ्याला यायची, त्यामुळे फलाटावर पाय ठेवायला जागा नसायची. घाट चढवायला गाडीला मागून जोडलेली इंजिनं आमच्याकडे सोडवली जात, त्यामुळे गाडी बराच वेळ थांबायची. लोक खाली उतरायचे, चहा प्यायचे, करवंदं-जांभळं घ्यायचे. दुपारची गाडी लागली होती. मी टोपल्या मोजून घेत होतो. सहज मान वर केली तर फलाटाच्या अगदी टोकाला, जिथं मागचं इंजिन सोडवून मागे घेत होते, तिथं एक तीन-चार वर्षांची पोर एकटी उभी. पांढरा झगा, पायात बूट. इंजिनाची ती मोठी काळी चाकं बघत फलाटाच्या कडेवर गेलेली. एक पाऊल आणखी टाकलं असतं की खाली.

मी पळालो. जाऊन तिला कडेपासून मागे ओढलं. ती रडली नाही. हे मी मुद्दाम सांगतो. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि माझं बोट धरलं. मग आम्ही दोघं साहेबाच्या ऑफिसच्या दिशेनं चालायला लागलो, कारण हरवलेलं पोर तिथंच न्यायचं अशी रीत होती. मला वाटतं माझा चेहरा तेव्हा फारच वाईट दिसत असणार. मी घाबरलेला असलो की तो आणखी वाईट दिसतो.

निम्म्या वाटेवर एक बाई किंचाळली. पारशी बाई, मुलीची आई. "छोड! छोड उस को!" तिनं मुलीला माझ्या हातातून हिसकावून घेतलं. आता ती पोर रडायला लागली. आई ओरडली म्हणून रडली, पण बघणाऱ्यांना वाटलं माझ्यामुळे. पहिला फटका छत्रीचा होता, तो मला आठवतो. मग किती बसले ते मोजलं नाही. मी सांगत होतो, "इंजिनाखाली जात होती, मी रेल्वेचा माणूस आहे." माझ्या अंगावर रेल्वेचा निळा सदरा होता. तो कुणालाच दिसला नाही. सगळे फक्त गळ्याच्या वरचं बघत होते.

आणि काय बोलत होते! एक गोरा साहेब डब्याच्या खिडकीतून काठीनं माझ्याकडे दाखवून आपल्या मडमेला काही सांगत होता, त्यातलं 'फेस' एवढं मला कळलं. एक मारवाडी शेठ म्हणाला, "शकल से ही बदमाश लगता है." एक पुणेरी पगडीवाले सद्गृहस्थ शांतपणे म्हणाले, "डोळे बघा त्याचे, डोळ्यांतच आहे." हे लोक एरवी एका भांड्यातलं पाणी पिणार नाहीत. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही, एकाचा देव दुसऱ्याला चालत नाही. पण माझ्या तोंडाबद्दल त्यांचं क्षणात एकमत झालं. त्या एकमताचा मला आजही संताप येतो. आणि सगळ्यात जास्त लागलं ते कामशेतच्या भाताच्या व्यापाऱ्याचं. त्याच्या दुकानात मी लहानपणापासून जायचो, माझ्या बापाला तो नावानं हाक मारायचा. तो गर्दीत पुढे आला, मला वाटलं सांगेल. तो म्हणाला, "मला वाटलंच व्हतं. ह्याचं तोंडच तसं हाय पयल्यापासनं."

माझ्या बाजूनं एकच माणूस बोललं. जांभळं विकणारी, डोंगरातली ठाकराची बाई. पाटी खाली ठेवून ती मध्ये घुसली. "म्यां बगितलं! पोर खाली पडत व्हती! ह्या दादानं वडली तिला!" शिपायानं तिला ढकलून बाजूला केलं. तिची जांभळं फलाटावर सांडली, आणि लोकांच्या बुटांखाली चिरडली गेली.

मला स्टेशनच्या चौकीत बसवलं. हवालदारानं मला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. "तिकडं कर तोंड. बघवत न्हाई." मी संध्याकाळपर्यंत भिंतीचा चुना बघत बसलो. डोक्यातून रक्त येत होतं, ते कानामागे वाळलं. साहेब एकदा दारात येऊन गेला. मला वाटलं, हा तरी सांगेल की हा आमचा माणूस, तीन वर्षं कामावर आहे, एक टोपली इकडची तिकडे झाली नाही. तो हवालदाराला म्हणाला, "हम को पहले से डाउट था." कशाचा डाउट होता? तीन वर्षांत कशाचा?

दिवेलागणीला मुलीचे वडील आले. कपडे पांढरे स्वच्छ, माणूस थकलेला. मुलीनं बंगल्यावर जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं, मोठं चाक, धूर, आणि मामानं मागे खेचलं. तीन-चार वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते सांगता आलं. हवालदारानं मला सोडलं. "जा आता," म्हणाला. बास, तेवढंच.

घरी बायकोनं डोकं धुतलं. सकाळी मी म्हणालो, मी त्या बंगल्यावर जाणार. मला वाटलं ती अडवेल. ती म्हणाली, "जावा. पर फेटा नीट बांधून जावा. अन् मागच्या दारानं जाऊ नगा."

मी पुढच्या दारानं गेलो. बाई व्हरांड्यात होत्या. मला बघून उभ्या राहिल्या, हात वर करून आत हाक मारली, मग ओळख पटली तशी हात खाली आला. नोकराला सांगून त्यांनी बिस्किटांचा एक डबा आणवला आणि पुढे केला. मी तो घेतला नाही.

मी म्हणालो, "बाई, मला काही नको. एवढंच सांगा, काल तुम्ही काय बघितलंत?"

त्यांना मराठी येत होतं, मोडकं. त्या म्हणाल्या, "तू फार रागात दिसत होता."

"मी घाबरलो होतो, बाई. पोरगी चाकाखाली गेली असती."

त्या म्हणाल्या, "आता पण तू रागात दिसते."

"आता मी रागातच आहे."

"मग मला फरक कसा समजणार?"

हे त्यांनी खोडसाळपणानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. म्हणूनच माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणालो, "विचारायचं, बाई. तोंडात जीभ असते. माझ्या, आणि तुमच्यापण."

वडील आतून आले होते. त्यांनी हात जोडले, हलक्या आवाजात माफी मागितली. पण मागताना ते फाटकाकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे बघून कुणी माफी मागितलेली नाही.

वाटेत मी त्या जांभूळवालीला शोधलं. ती पुन्हा फलाटावर बसली होती. मी म्हणालो, "मावशी, माझ्यापायी तुमची पाटी गेली." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझं कोन ऐकतंय? माझं तोंड बगून शिपाई आदीच काठी उगारतो." मला तेव्हा तिचं काही पटलं नाही, मला माझंच दुःख मोठं होतं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. आठवड्यानं माझी बदली झाली. फलाटावरून उचलून घाटात. घाटात गाडीचा ब्रेक गेला तर तिला वळवून चढणीवर थांबवायला बाजूची एक लाईन असते, तिचा खटका सांभाळणारी एक चौकी होती, तिथं. मी साहेबाकडे गेलो. म्हणालो, मी निर्दोष ठरलो ना? तो म्हणाला, हो हो, पण पॅसेंजर लोक घाबरतात. मग त्यानं कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. त्यात तोंडांची चित्रं होती, कैद्यांची. त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं. भुवया जुळलेल्या, जबडा रुंद. तो मला समजावून सांगत होता, प्रेमानं, की यात माझा दोष नाही, हे शास्त्रच आहे.

तळेगावात एक गृहस्थ इंग्रजी अर्ज लिहून द्यायचे. विद्वान माणूस, घरात पुस्तकांच्या राशी. त्यांनी माझी हकीकत नीट ऐकली, साहेबाबद्दल दोन कडक शब्दही वापरले. अर्ज लिहून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "एक सांगू का? आपल्या सामुद्रिकातही हेच आहे. जुळलेल्या भुवया म्हणजे क्रूर स्वभाव. आपल्या लोकांना हे केव्हाच ठाऊक होतं." त्यांना अभिमान वाटत होता! साहेबाचं पुस्तक विलायतेचं, यांचं संस्कृतातलं, आणि दोघांनी मला न भेटताच माझ्याबद्दल लिहून ठेवलेलं. मी म्हणालो, "मग अर्ज कशाला लिहिलात?" ते म्हणाले, "अन्याय तो अन्यायच." मी अर्ज उचलला. उत्तर एका ओळीचं आलं: विनंती मान्य करता येत नाही.

घाटात मी वर्षं काढली. सुरुवातीला एकदा खंडाळ्याच्या न्हाव्याकडून दोन भुवयांच्या मधले केस काढून घेतले. घरी गेलो तर बायको आधी बघत राहिली, मग हसून हसून खाली बसली. "आता तर भूतच दिसतासा." ते केस वाढेपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. त्या दिवसांत माझ्यात काहीतरी बदललं. फलाटावर असताना मी कुणाशी आवाज चढवून बोलत नव्हतो. चौकीवर मी खेकसायला लागलो. गँगवाल्यांवर, पोरांवर, तिच्यावर. आणि गंमत म्हणजे लोकांना बरं वाटू लागलं. तोंड आणि माणूस एकाच मापाचे झाले. "असाच हाय तो," म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

लढाईच्या काळात, असाच एक उन्हाळा होता. दुपारी चौकीचं दार कुणी वाजवलं. मी कडी काढली. बाहेर एक माणूस, डोळे तांबडे, गालफडं बसलेली, वरचा ओठ फाटलेला, त्यातून दात दिसत होते. मला जे वाटलं ते मी खरं लिहितो. मला वाटलं, हा चोर. काहीही ऐकायच्या आधी मी दार लावून घेतलं. तो बाहेरून काही म्हणाला, मी ओरडलो, "चल, पुडं व्हय!"

दुसऱ्या दिवशी गँगवाल्यांना तो रुळाखालच्या मोरीच्या सावलीत पडलेला सापडला. अंगात ताप फणफणत होता. कर्जतहून रुळाच्या कडेनं चालत आला होता, वरच्या गँगमध्ये त्याची बहीण होती. त्याला पाणी हवं होतं. तो वाचला, आणि पुढे त्याच गँगमध्ये कामाला लागला. म्हणजे रोज मला दिसायला लागला.

माफी मागायला मला पाच-सहा महिने लागले. मी, ज्यानं फेटा बांधून बंगल्यावर जाऊन बाईंना जाब विचारला, तो मी रोज झेंडा हातात घेऊन त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचो. शेवटी एका दुपारी तो चौकीच्या पायरीवर विडी ओढत बसला होता, तिथं मी गेलो आणि बोललो. चुकलं म्हणालो. त्याच्या ओठाकडे न बघता, डोळ्यांत बघून म्हणालो.

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो भाऊ. मलाबी वाटलंच व्हतं. तुमी दार उगडलं, तुमचं तोंड बगितलं, म्हटलं हितं पानी मिळायचं न्हाई."

मला त्याचा राग आला. असा आला की हात उचलला जाईल की काय असं वाटलं. आणि त्याच दमात मला माझी लाज वाटली. मी आत गेलो, तांब्या भरून आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याला तहान नव्हती. तरी तो प्याला.

आमची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा, मी त्याच्याशी.

स्वराज्य आलं, अर्धा इंग्रज साहेब निघून गेला. नवा साहेब आपला मराठी माणूस, तरुण, पुण्याचा. मी पुन्हा अर्ज घेऊन लोणावळ्याला गेलो. इतक्या वर्षांनी पार्सलच्या खोलीत परत घ्या म्हणून. मी दारात उभा राहिलो. त्यानं कागदातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अहो, आधीच इतके चिडून का आलात?"

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मी आत गेलो, न सांगता खुर्चीवर बसलो आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुईणीपासून. मध्ये तो दोनदा बोलायला गेला, मी बोलू दिलं नाही. त्यानं ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. महिन्यानं बदलीचा कागद आला. फलाटावर नाही, मागच्या मालधक्क्यावर, जिथं पॅसेंजर येत नाहीत.

तो कागद मी परत पाठवला. घाटातच राहिलो.